चांद्याच्या वाटेवरील शिदोरी

चांदा जिल्ह्याचा पूर्वीचा विस्तार नकाशावर बोट फिरवून कळण्यासारखा नव्हता. तो बैलांच्या पायांनी मोजावा लागे. वरोड्याहून निघालेली भरली बंडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी चांद्यास पोचे. तेथून पुढे गोंडपिपरीवरून आष्टीस वैनगंगा ओलांडावयाची, आणि अहेरी, आलापल्ली करीत प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाजवळील सिरोंचा गाठावयाचा, म्हणजे आठवड्याहून अधिक काळ रानातच मुक्काम करणे भाग पडे. दिवसाकाठी वीस-पंचवीस किलोमीटर चाल झाली तर ती पुष्कळ म्हणावयाची. दिनांक २६ ऑगस्ट १९८२ रोजी या जिल्ह्याचा पूर्वभाग निराळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला, आणि उरलेला चंद्रपूर या नावाने राहिला; परंतु जुन्या वाटसरूच्या दृष्टीने हा सारा मुलूख एकच होता. साग, बांबू, मोह आणि पळस यांचे अरण्य, मधूनमधून दहा-वीस झोपड्यांचे गाव, आणि दुकान म्हणून ज्यास म्हणावे असे कित्येक कोसांत काही नाही.

अशा वाटेवर काय खावे, हा प्रश्न रुचीचा नसून प्रवास पुरा होणार की नाही याचा होता. वैशाखात या भागातील उष्णमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते. पावसाळ्यात नाले भरले की गाडी जेथल्या तेथे अडकून पडते. हिवताप तर या रानाचा जुना रहिवासी. वाटेत पोट बिघडले तर वैद्य नाही, आणि धान्य सरले तर बाजार नाही. तेव्हा या मुलखातून वर्षानुवर्षे जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांनी आपल्या शिदोरीचे जे शास्त्र बसविले, ते पुस्तकात लिहिलेले नसले तरी मोठ्या अनुभवाने सिद्ध झालेले होते. त्याचा इतिहास पाहू लागले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. लोकांचे ज्ञान बहुधा बरोबर होते. प्रवासात माणसे दुबळी झाली, आजारी पडली, ती पुष्कळदा अज्ञानामुळे नव्हे, तर जे खावयास पाहिजे हे ठाऊक होते ते हाती नसल्यामुळे.

या वाटांचे सर्वांत जुने व्यावसायिक प्रवासी म्हणजे बंजारे. त्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य व मीठ यांची ने-आण करीत. इ. स. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशास उत्तर हिंदुस्थानात असा एक तांडा आढळला. त्यात चौदा हजार बैल होते, आणि तो दिवसास सहा-सात मैलांपेक्षा अधिक चालत नसे. त्याच शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने तर असे लिहून ठेवले आहे की या लोकांच्या चार शाखा असून एक धान्य वाहते, दुसरी तांदूळ, तिसरी डाळ आणि चौथी मीठ. ही वाटणी प्रत्यक्षात इतकी काटेकोर असेल असे वाटत नाही. परंतु त्या चार पदार्थांची निवड मात्र विचार करण्याजोगी आहे. धान्य, तांदूळ, डाळ व मीठ! हिंदुस्थानातील लांबच्या प्रवासाची शिदोरी या चार शब्दांत सामावली आहे.

छत्तीसगडचा माल पूर्व किनाऱ्याकडे आणि किनाऱ्यावरचे मीठ परत आत, अशा या व्यापाराच्या वाटेवर वैरागड हे ठाणे होते. हिऱ्यांच्या खाणींसाठी या गावाची कीर्ती मोठी. परंतु सामान्य वाटसरूस तेथील हिऱ्यापेक्षा मिठाचा खडा अधिक मोलाचा वाटला असल्यास नवल नाही. इ. स. १७९५ मध्ये कंपनी सरकारचा अधिकारी कॅप्टन ब्लंट हा चुनारगडाहून निघून रतनपूर, कांकेर, वैरागड या मार्गाने गोदावरीच्या खोऱ्यात उतरला. वाटेत बस्तरच्या सीमेवर गोंडांनी त्याची वाट रोखली. बंदुका असूनही परक्या माणसाचे या रानात फारसे चालत नसे. गावकरी घर सोडून रानात शिरले की त्याच्या शिधासामग्रीची सारी व्यवस्था कोलमडे.

मिठाविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या प्रांतात मीठ पिकत नाही. जे येई ते बैलाच्या पाठीवरून, प्रत्येक नाक्यावर महाग होत होत. गोंड व माडिया लोकांना रानात कंद, फळे, शिकार, मासे, बांबूचे कोंब म्हणजे ‘वास्ते’, हे सर्व मिळे. मीठ तेवढे मिळत नसे. उन्हात दहा कोस चालणाऱ्याच्या घामावाटे जे मीठ जाते ते भरून न निघाल्यास पायांत गोळे येतात, डोके फिरते, गळाठा येतो. ही गोष्ट आज कोणताही डॉक्टर सांगेल. ज्यास मिठाची गरज सर्वांत अधिक त्यासच ते सर्वांत महाग पडे. वैशाखात पाड्यावरचा माणूस टोपलीभर चारोळी घेऊन बाजारास उतरे आणि व्यापारी तिच्या बदल्यात मीठ मोजून देई. चारोळीचे शहरातले मोल व्यापाऱ्यास ठाऊक, पाड्यावरच्या माणसास नाही. हा व्यवहार पिढ्यानुपिढ्या चालला, आणि त्यास व्यापार हे नाव देणे हे सौजन्यच म्हटले पाहिजे. इ. स. १९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात समुद्र नसल्याने लोकांनी जंगलचा कायदा मोडून जंगल-सत्याग्रह केला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. मीठ व जंगल यांचा चांद्याकडील माणसाच्या जीवनात किती निकटचा संबंध होता, हे पाहिले म्हणजे ती योजना या भागापुरती तरी विशेषच समर्पक वाटते.

आता बंडीवाल्याची शिदोरी पाहू. वर्धा नदीच्या खोऱ्यात, वरोडा-राजुऱ्याकडे, काळी जमीन आणि ज्वारी. वैनगंगेच्या खोऱ्यात, ब्रह्मपुरी, मूल, गडचिरोलीकडे, तलाव व बोड्यांचे पाणी आणि धान. यामुळे पश्चिमेकडून निघणारा भाकर बांधून घेई आणि पूर्वेकडचा तांदळाची गाठोडी. पहिल्या दिवशीचे खाणे घरचे: भाकरी, जवसाची किंवा तिळाची चटणी, कांदा, झुणका. झुणका लवकर आंबतो, म्हणून तो पहिल्याच दुपारी संपवावयाचा. भाकर दुसऱ्या दिवसापर्यंत टिके. जवसाची कोरडी चटणी मात्र प्रवास संपेपर्यंत. तिसऱ्या दिवसापासून कोरड्या दाण्यावर भिस्त. फुटाणे, मुरमुरे, पोहे, गुळाचा खडा, आणि भाजलेल्या गहू-हरभऱ्याचे सातूचे पीठ, जे पाण्यात कालविले की चुलीवाचून जेवण होते. भाजलेल्या दाण्यात ओल राहत नाही, म्हणून तो नासत नाही. आणि चावून खावा लागत असल्याने माणूस बेतानेच खातो. रात्री मुक्कामास बैल सोडले, गोवऱ्या पेटविल्या, की कणकेचे गोळे आरात भाजून रोडगे होत, नाही तर पळसाच्या पानांत थापून पानगे. पळसाचे पान या प्रवासात ताट होई, वाटी होई, झाकणही होई. आणि जेवण झाल्यावर ते फेकून दिले म्हणजे उष्ट्या भांड्याचा प्रश्नच मिटला. गढूळ पाण्यात भांडी विसळून रोग ओढवून घेण्यापेक्षा हा प्रकार किती तरी शहाणपणाचा.

पाण्याच्या बाबतीत तर ही मंडळी फारच सावध असत. नदीकाठी मुक्काम असला तरी जाणता गाडीवान वाहत्या धारेतले पाणी सहसा पीत नसे. तो पात्रातील कोरड्या वाळूत हातभर खड्डा करी, त्यास झिरा म्हणतात. पहिले गढूळ पाणी उपसून टाकावयाचे आणि मग वाळूतून गाळून आलेले निवळ पाणी लोट्याने भरावयाचे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याने इ. स. १८८३-८४ मध्ये पटकीच्या जंतूचा शोध लावला, आणि पाण्यातून रोग पसरतो हे सर्वमान्य होण्यास पुढेही काही काळ जावा लागला. झिऱ्याचे पाणी पिणाऱ्यास जंतू ठाऊक नव्हता. परंतु कोणत्या पाण्याने माणसे मरतात हे त्याने पाहिले होते. अर्थात झिरा हा काही सर्व रोगांवरील उपाय नव्हे. यात्रेत हजारो माणसे एकाच वाळवंटात उतरली, तेथेच प्रातर्विधी आणि तेथेच पाणी, असे झाले की वाळूचेही काही चालत नाही.

चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रातील यात्रा ही अशीच मोठी. झरपट नदीच्या काठी भरणाऱ्या या यात्रेस नांदेड, परभणीकडून आणि तेलंगणातून लोक येतात. पूर्वी ते पायी व बंड्यांनी येत. दुसरी यात्रा मार्कंड्याची, महाशिवरात्रीस, जेथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि काठावर जुन्या देवळांचा समूह उभा आहे. मार्कंड्याची यात्रा थंडी सरताना येते, म्हणून तिचा प्रवास त्या मानाने सुखाचा. महाकालीची यात्रा ऐन उन्हात. त्या यात्रेकरूची शिदोरी पाहिली तर तीत आंबट पदार्थ आढळल्यावाचून राहत नाही: चिंच, कैरी, ताक, आणि आंबील.

या आंबिलीकडे आरोग्याच्या दृष्टीने जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. ज्वारीचे पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून रात्रभर आंबवावयाचे, सकाळी शिजवावयाचे, मीठ घालून पातळ प्यावयाचे. पूर्वेकडे याच जातीची तांदळाची पेज. भामरागडकडील माडिया लोकांत कोसरी या बारीक धान्याची. रानात निघालेला माणूस वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पेज भरून खांद्यास अडकवितो. तुंब्यात ती थंड राहते. पाणी उकळलेले, म्हणून निर्धोक. आंबटपणामुळे त्यात रोगजंतू सहजी वाढत नाहीत. पिठूळ अंश सावकाश पचतो. आणि मीठ घामाची भरपाई करते. भूक आणि तहान यांची निराळी सोय करावी लागत नाही. इ. स. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी उसळली तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी पाजून असंख्य रोगी वाचविले. पुढे १९८० च्या सुमारास ढाक्याच्या संशोधकांनी ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ शिजवून त्यात क्षार घातले तरी चालते, असे प्रयोगाने दाखविले. खारट पेजेच्या अंगी असलेल्या गुणाचा उलगडा त्यात सापडतो. मात्र आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होते, अशी बढाई यावरून मारण्याचे कारण नाही. पेज पाजावी हे ठाऊक होते. जुलाब झालेल्याचे पाणी तोडावे, ही समजूतही त्याच घरांत नांदत होती आणि तिने अनेक मुले नेली. उन्हात खिशात कांदा ठेवणाऱ्याचेही तसेच. कांदा भाकरीबरोबर मीठ लावून खाल्ला तर उपयोगी. खिशातला कांदा खिशातच राहतो.

याच वाटांवरून साहेब लोकांचाही प्रवास चाले. इ. स. १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला, १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले, आणि मग बंदोबस्ताचे, जंगलखात्याचे, पोलिसांचे अधिकारी हिवाळाभर दौऱ्यावर निघू लागले. तंबू, पलंग, डबाबंद मांस, बिस्किटे, सोड्याच्या बाटल्या अशी त्यांची शिदोरी. ती वाहण्यास वेठीची माणसे धरली जात, आणि कोंबड्या, अंडी, दूध, तांदूळ यांची रसद वाटेवरच्या गावांनी पुरवावी अशी रीत पडली होती. दाम ठरलेले असले तरी ते शिपायाच्या मुठीतून गावकऱ्याच्या हातात किती पडत, हे सांगावयास नको. प्रवासातील आरोग्याचा विचार करताना साहेबाच्या डब्याकडे पाहून चालत नाही. डोक्यावर तो डबा घेऊन बारा कोस चालणाऱ्याने काय खाल्ले, हे पाहिले पाहिजे. तो कमरेच्या धोतरात मूठभर भाजलेला मोह किंवा लाखोळीचे दाणे बांधून निघे.

लाखोळीचे प्रकरण फार दुःखाचे आहे. धान कापणीस येण्याच्या आधी ओल्या बांधीत लाखोळीचे बी फेकून द्यावे. नांगरट नाही, पाणी नाही, तरी पीक येते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत ती आजही पेरतात. दुष्काळात सारे जळाले तरी लाखोळी उरते, म्हणून गरिबाची ती हक्काची डाळ. परंतु महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पाय ताठतात, माणूस काठीवर येतो, आणि गेलेले पाय परत मिळत नाहीत. सागर प्रांतात असे पांगळे झालेले लोक पाहून स्लीमन याने इ. स. १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांची हकिगत दिली आहे. त्या डाळीतील विषारी द्रव्य कोणते, हे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये शोधून काढले. त्याआधी १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली होती. डाळ पुष्कळ पाण्यात भिजवून, उकळून, ते पाणी ओतून दिल्यास विष बरेच कमी होते. खेड्यातील जाणत्या बायका असे करीतही. परंतु वाटेवर चुलीस सरपण आणि वेळ ज्यास आहे त्यानेच हे करावे! शेतमजुरास मजुरीच लाखोळीत मिळे. त्याची निवड त्याच्या हाती कधी नव्हतीच.

मोहाची कथा याहून बरी. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. वाळलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा. भाजून, तीळ किंवा जवस घालून कांडले की त्याचे लाडू होतात आणि ते महिनोन्‌महिने टिकतात. तीळ-जवसाचे स्नेह व मोहाची साखर मिळून चालणाऱ्यास दम येतो. इ. स. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांत मध्यप्रांतातील अरण्यवासी लोकांस मोह व कंदमुळे यांनीच पुष्कळ आधार दिला. शहरी माणसास मोह म्हटले की दारूच आठवते. दोष झाडाचा नाही. उन्हाळ्याच्या वाटेवर याच दिवसांत तेंदूची फळे, चार, आणि पुढे जांभळे मिळतात. हिवाळ्यात बोरे, आवळे, सीताफळे. ताज्या फळाची उणीव या रानातील प्रवाशास सहसा पडत नसे, मात्र झाडे ओळखणारा कोणी बरोबर हवा.

मग रेल्वे आली. वर्ध्याहून वरोड्यापर्यंतचा फाटा दगडी कोळशासाठी १८७० नंतरच्या दशकात झाला. बल्लारशहा ते काझीपेठ हा दुवा १९२९ च्या सुमारास पुरा होऊन उत्तर-दक्षिण सलग लोहमार्ग तयार झाला. बंजाऱ्यांचे बैल निकामी झाले, मीठ स्वस्त झाले, आणि स्टेशनावर चहा व तळलेली भजी मिळू लागली. पुढे डांबरी सडका. आज नागपूरहून सकाळी निघालेला माणूस चंद्रपूर, गडचिरोली ओलांडून संध्याकाळी भामरागडास पोचतो. जी वाट पंधरा दिवसांची होती ती एका दिवसाची झाली, आणि शिदोरी बांधण्याचे कारणच उरले नाही.

या बदलात लाभ किती झाला हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मिठासाठी चारोळी ओतावी लागत नाही, आणि रोग्यास दवाखान्यात नेता येते. परंतु वाटेवरच्या टपरीत आज काय दिसते? तेच तेच तेल पुनःपुन्हा तापवून काढलेले वडे, मैद्याची बिस्किटे, कमालीचे खारट पाकिटातले पदार्थ, साखरेचे रंगीत पाणी. पूर्वी मिठाची टंचाई होती, आता अतिरेक आहे. आणि त्याहून वाईट तो खर्रा. सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून दिलेला हा पदार्थ ट्रकचालक, मजूर, विद्यार्थी सर्वांच्या खिशात असतो. त्याने भूक मरते, म्हणूनच तो लांबच्या वाटेवर सोयीचा वाटतो. जेथे पूर्वी फुटाण्याची पुरचुंडी होती तेथे आता ही पुडी आली. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापिली; दारू व तंबाखू यांविरुद्ध ‘मुक्तिपथ’ हे अभियान या जिल्ह्यात २०१६ पासून सुरू झाले, त्यात या खर्ऱ्याशी झगडणे हे मोठेच काम होऊन बसले आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे म्हणून पाळण्यात आले, आणि शहरांतील उपाहारगृहांत ज्वारी-नाचणीचे पदार्थ मानाने मिरवू लागले. कोसरीची पेज तुंब्यात घेऊन चालणाऱ्या माडियाच्या वाट्यास त्या मानाचा किती अंश आला, हे कोणी विचारले नाही.

जुनी वाट पूर्णपणे संपली आहे, असेही नाही. भामरागडाशी पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या मिळतात. आषाढ-श्रावणात त्या फुगल्या की कित्येक गावांचा संबंध तुटतो. अशा गावांसाठी रेशनचे धान्य पाऊस पडण्यापूर्वीच नेऊन ठेवावे लागते. धान्य, तांदूळ, डाळ, मीठ: बंजाऱ्यांच्या गोणीतलेच ते चार पदार्थ, आता ट्रकमधून आणि जेथे ट्रक जात नाही तेथे ट्रॅक्टरमधून किंवा डोक्यावरून. हेमलकसा येथे १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा रोगी खाटेवर घालून, दोन-दोन दिवस पायी चालून लोक तेथे येत. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामातील दवाखाना बांधताना आदिवासींनाच विचारून त्याची रचना गावासारखी, झोपड्यांची करण्यात आली, कारण रोगी एकटा येत नाही, सोबत घरची माणसे येतात, आणि त्यांस परक्या भिंतींत करमत नाही. दूरच्या पाड्यावरून निघताना अशी माणसे अजूनही गाठोड्यात तांदूळ बांधतात, आणि त्या गाठोड्याच्या एका कोपऱ्यास निराळी गाठ मारलेली असते. तीत मीठ असते.